सातबाऱ्यावर नसलेली वाट

गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामात एक विषय हटकून निघतो. बाप्तिस्मा असो, साखरपुडा असो की मयताच्या घरची प्रार्थना असो, चहाचा कप हातात आला की कोणीतरी विचारतोच, "तिकडे वाड्याला गुंठा काय भावाने चाललाय?" मग पालघर, विक्रमगड, मनोर अशी गावांची नावे येतात आणि मिस्साचे प्रवचन काय होते ते सगळे विसरून जातात.

कारण उघड आहे. आजोबांच्या वाडीचे वडिलांच्या पिढीत चार भाग झाले. त्या एकेका भागाचे आपल्या पिढीत पुन्हा तीन झाले. आता वाट्याला येते त्यात केळीचे दहा खुंट आणि पाण्याची एक टाकी एवढेच मावते. घर बांधायला वसईत जमीन घ्यावी म्हटले तर ज्यांची ती मुळात होती त्यांनाच आता परवडत नाही. विरारला फ्लॅट घ्यावा, नाहीतर खेड्यात जागा घ्यावी, हे दोनच रस्ते उरले आहेत.

आम्ही चार कुटुंबांनी दुसरा रस्ता धरायचे ठरवले. गेल्या पावसाळ्यानंतर वाडा तालुक्यातील एका गावात वीस गुंठे जमीन पाहिली. पाच-पाच गुंठे वेगळे घेतले तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो. त्यात वेळोवेळी सवलती आल्या असल्या तरी धोका कशाला पत्करा, म्हणून एकत्र घ्यायचे आणि पुढे रीतसर बिनशेती करून घरे बांधायची, असा विचार होता. आमच्यापैकी तीन कुटुंबांतील माणसे पन्नाशीच्या पुढची आहेत. चौथे जोडपे तरुण आहे. लग्नाला सहा वर्षे झाली, दोन भावांच्या संसाराला लागून एका खोलीत राहतात, एक मूल आहे, दुसरे येऊ घातले आहे. बँक किती कर्ज देईल ते ठरलेले आहे आणि त्यापुढे त्यांच्याजवळ रुपया नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिले आहे त्याची सर्वांत जास्त झळ त्यांना लागणार आहे.

जमीन भाताची. ज्या वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच मातीतली. मालक एक वृद्ध कुणबी शेतकरी, गाव त्यांना आबा म्हणते. मुलगा भिवंडीला गोदामात कामाला आहे, शेती करायला कोणी नाही, म्हणून विकायची. दलालाने आम्हाला त्याच्या गाडीतून नेले. गाडीत पुढे साईबाबा आणि वेलंकणी माता शेजारी-शेजारी होते. गिऱ्हाईक कोण आहे ते पाहून त्यातले एक पुढे सरकते, असे आमच्यातील एका मित्राचे म्हणणे आहे.

कागदपत्रे पाहिली. आम्ही वसईकर कागदाच्या बाबतीत शहाणे झालो आहोत, जरा उशिरा का होईना. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, सगळे तपासले. 'इतर हक्क' या रकान्यात ना कूळ, ना बँकेचा बोजा. आमच्या चौघांच्या नावे इथे सातबारा असल्यामुळे शेतकरी म्हणून जमीन घ्यायला कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाची अडचण नव्हती. भाव ऐकला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. आम्ही जेवढी तयारी करून गेलो होतो त्याहून तो बराच कमी होता. तरुण जोडप्यातील वहिनी तर तिथेच बांधावर उभ्या राहून कुठे स्वयंपाकघर येईल ते दाखवू लागल्या.

परत येताना गाडीत एकाने सांगितले की भाव कमी का आहे ते त्याला ठाऊक आहे. त्याचा एक नातेवाईक मोजणीच्या कामावर असतो. गावाबाहेरचा अरुंद रस्ता मोठा होणार आहे, आखणी झालेली आहे, फक्त दगड रोवायचे बाकी आहेत. ही जमीन त्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आबांना याचा पत्ता नाही. "दगड लागले की भाव दुप्पट. या महिन्यात विसार देऊन टाकू," असे तो म्हणाला.

गाडीत कोणी काही बोलले नाही. खरे सांगायचे तर पहिल्यांदा आम्हाला आनंदच झाला. घरी पोहोचल्यावर मात्र जेवण जाईना.

प्रश्न साधा वाटतो. विकणाऱ्याला जे माहीत नाही आणि घेणाऱ्याला माहीत आहे, ते सांगायला घेणारा बांधलेला आहे का? आबांनी आपण होऊन भाव सांगितला. कोणी त्यांना फसवले नाही, धाक दाखवला नाही. बाजारात प्रत्येक जण स्वतःच्या माहितीवरच व्यवहार करतो. भाजीवालीला संध्याकाळी पाऊस येणार हे ठाऊक असेल तर ती दुपारीच टोपली रिकामी करते. तिला आपण लबाड म्हणत नाही.

हा प्रश्न आपल्या आधी पुष्कळांना पडलेला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिका'मध्ये खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक प्रकरण लिहिले. त्यात एक व्यापारी येतो. तो धान्य घेऊन अशा ठिकाणी पोहोचतो जिथे टंचाई आहे आणि भाव चढलेला आहे. त्याला ठाऊक आहे की मागून आणखी व्यापारी धान्य घेऊन येत आहेत. त्याने ते सांगावे का? संत थॉमस यांचे उत्तर आपल्याला वाटते तेवढे कडक नाही. चालू भावाने विकून तो गप्प राहिला तर न्यायाचा भंग होत नाही, असे ते म्हणतात. सांगितले, किंवा भाव उतरवला, तर तो अधिक मोठा सद्गुण ठरेल.

आमच्यातील ज्या मित्राने रस्त्याची बातमी आणली होती त्याला हे सांगितले तेव्हा तो खूश झाला. "बघा, संतसुद्धा माझ्या बाजूने."

पण त्याच प्रकरणात थोडे आधी आणखी एक उदाहरण आहे आणि ते थेट घेणाऱ्याबद्दल आहे. समजा विकणाऱ्याने सोन्याची वस्तू पितळेची समजून विकायला काढली आणि घेणाऱ्याने ते सोने ओळखले. अशा वेळी गप्प राहून पितळेच्या भावाने ती घेणारा अन्याय करतो आणि त्याला भरपाई करणे भाग आहे, असे संत थॉमस स्पष्ट सांगतात. इथे अधिक-उणा सद्गुण असा प्रश्नच नाही.

तेव्हा आमच्यापुढे प्रश्न असा उभा राहिला की आबांच्या शेताजवळून जाणारा रस्ता हा मागून येणाऱ्या धान्यासारखा आहे की पितळ समजलेल्या सोन्यासारखा? आम्ही चार संध्याकाळी यावर वाद घातला. मित्राचे म्हणणे असे की रस्ता अजून झालेला नाही. सरकारी कामे वर्षानुवर्षे रखडतात, कदाचित होणारही नाही. म्हणजे ते धान्य अजून वाटेत आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. सरकारी रस्त्याची वाट पाहण्यात काहींची उभी हयात गेलेली आपण पाहिली आहे.

आम्हाला मात्र शेवटी वाटले की ही तुलना पुरती जुळत नाही. व्यापाऱ्याच्या गोष्टीत वस्तू तीच राहते, तिच्या भोवतालचा बाजार पुढे बदलणार असतो. इथे निर्णय होऊन गेलेला आहे. कुठल्यातरी टेबलावरील नकाशात त्या शेताशेजारी जाड रेघ ओढलेली आहे. जमिनीची किंमत आजच वाढलेली आहे, ती फक्त तिच्या मालकाला दिसत नाही. आम्हाला दिसते आणि त्याला दिसत नाही, एवढ्या एका कारणासाठीच आम्ही घाई करत होतो. दगड लागायच्या आत विसार द्यायचा याचा दुसरा अर्थ काय होतो?

यावर कोणी म्हणेल, ही काही चोरून मिळवलेली माहिती नाही, सरकारी आखणी शेवटी जाहीरच होते. पण ती कोणासाठी जाहीर होते? कचेरीतल्या फळ्यावर कागद लागतो. आबा त्या कचेरीत वर्षातून एकदा, तेही दाखल्यासाठी जातात.

वाद थांबला तो संत थॉमस यांच्यामुळे नाही. आमच्यातील एकाच्या वृद्ध आईने आतल्या खोलीतून हाक मारून विचारले, "कोणाची जमीन घेताय रे?" आम्ही सांगितले. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे पण असेच आले होते ना बॅगा घेऊन?"

आपल्या धर्मग्रामातील साठीच्या पुढच्या कोणालाही विचारा. ऐंशीच्या दशकात ओसरीवर बसून, चहा पिऊन, गुंठ्याच्या भावाने वाड्या घेणारी माणसे त्यांना आठवतील. हरित पट्टा बांधकामाला खुला होणार याची कुणकुण त्या माणसांना होती, आपल्या वडिलांना नव्हती, हे आपण चाळीस वर्षे सांगत आलो आहोत. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी जे आंदोलन उभे केले त्यात आपली आई-वडील मोर्चाला गेली, काहींनी लाठ्या खाल्ल्या. पण त्याआधी कितीतरी वाड्या गेल्या होत्या, आणि त्या रीतसर सही करून, मोजलेले पैसे घेऊन गेल्या होत्या. कागद चोख होते. तरीही ती फसवणूक होती असे आपण आजही म्हणतो. त्यांना माहीत होते आणि आम्हाला नव्हते, हेच आपले गाऱ्हाणे आहे.

आता त्या गाडीत बॅग घेऊन आम्ही बसलो होतो.

दलालाने दुसऱ्या फेरीला आणखी एक गोष्ट पुढे केली. शेजारचा तुकडा एका वारली कुटुंबाचा आहे, तो आणखी स्वस्तात मिळेल. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, महसूल संहितेत तसे ३६-अ कलम १९७४ साली घातले गेले, हे त्यालाही ठाऊक होते. "कागद दुसऱ्याच्या नावे ठेवू, ताबा तुमचा," असे तो सहज म्हणाला, जणू छत्री उसनी द्यायची आहे. त्या घरात आजारपण आहे, पैशाची नड आहे, तुम्ही नाही घेतली तर दुसरा कोणीतरी घेणारच, असेही त्याने सांगितले. यावर आम्हाला फार विचार करावा लागला नाही. गिऱ्हाईकाची गरज मोठी आहे म्हणून विकणाऱ्याने भाव वाढवू नये, असे संत थॉमस यांनी त्याच ठिकाणी लिहिले आहे. विकणाऱ्याची नड पाहून भाव पाडणे वेगळे कसे असेल? आम्ही नाही म्हटले. दुसरा कोणी घेईल, हे मात्र खरे असावे.

त्याच फेरीत आम्ही ती वाट पाहिली. सकाळची वेळ होती. वीस गुंठ्यांच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी जाणारी, पायांनी घट्ट झालेली पायवाट. पाड्यावरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन तिच्यावरून विहिरीकडे चालल्या होत्या. आम्हाला पाहून त्या थोड्या थांबल्या आणि वाकडी वाट करून बांधावरून गेल्या. सातबाऱ्यात या वाटेचा उल्लेख नाही. दलाल म्हणाला, "कंपाउंड झाले की त्या आपोआप फिरून जातील." आबा काही बोलले नाहीत. नंतर हळूच म्हणाले, "माझ्या बापाच्या आधीपासून चालतात."

सौदा दोघांमध्ये होतो. पैसे देणारा आणि घेणारा. त्या बाया कुठल्याच कागदावर सही करणार नाहीत, त्यांना कोणी विचारणारही नाही, आणि तरी भिंत उभी राहिली की रोज हंडा घेऊन लांबून फिरणार त्याच. वहिवाट अडवली म्हणून तहसीलदाराकडे दाद मागता येते, मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा त्यासाठीच आहे. पण डोक्यावर हंडा घेतलेली बाई तहसीलला जाईल कधी आणि तेवढ्या दिवसांची मजुरी तिला देणार कोण?

पाण्याचेही तसेच. आपण घर बांधताना आधी भराव घालतो. भातशेतीत पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरत जाते. मधलेच खाचर तीन फूट उंच केले तर वरच्याचे भात बुडते आणि खालच्याचे सुकते. आम्हाला हे कोणी शिकवायला नको होते. आपल्या गावातील बावखले एकेक करून भराव घालून बुजवली गेली, आणि जुलै २०१८ मध्ये पाणी दिवसेंदिवस उतरेना तेव्हा ते कुठे जायचे होते याची सगळ्यांना आठवण झाली. टँकरवाल्यांनी उपसा करून विहिरी खाऱ्या केल्या तेही आपण पाहिले. चार घरांच्या चार बोअरवेल त्या पाड्याच्या विहिरीचे काय करतील, हा प्रश्न पाहणीच्या पहिल्या दिवशी आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता.

अब्राहामाने जमीन घेतली ती गोष्ट आपण अंत्यविधीच्या वेळी आठवतो, कारण ती पत्नीला पुरण्यासाठी घेतलेली होती. जमीन घेणाऱ्याने ती एकदा वेगळ्या नजरेने वाचावी. उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात अब्राहाम स्वतःला परका आणि उपरा म्हणवतो. एफ्रोन त्याला शेत फुकट देऊ करतो, तो घेत नाही. चारशे शेकेल रुपे तोलून देतो. आणि हे सगळे नगराच्या वेशीपाशी, गावच्या सर्व लोकांच्या देखत होते. शेत, गुहा, हद्दीच्या आतील एकूण एक झाड, सगळ्यांचा उल्लेख होतो. ज्यांच्या शेजारी त्याला यापुढे राहायचे होते ते सर्व तिथे हजर होते. आमचा सौदा मात्र दलालाच्या गाडीच्या काचा वर करून चालला होता.

आता दुसरी बाजू. ती टाळून चालणार नाही. आम्ही हे सर्व बोलत होतो तेव्हा तो तरुण नवरा बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "काका, तुमच्याकडे राहायला घर आहे. तुम्हाला तत्त्व परवडते." त्याला उत्तर द्यायला आमच्याजवळ शब्द नव्हते. आबांना रस्त्याची बातमी सांगितली तर भाव वाढणार, आणि भाव वाढला तर त्या चौघांमधून पहिले बाहेर पडणार तेच. एका खोलीत दुसरे बाळ येईल. आबांवर अन्याय होऊ नये म्हणून ज्याने कोणावरच अन्याय केलेला नाही त्याने घर सोडायचे, हा कुठला न्याय? आम्ही तिघांनी मिळून त्यांच्या वाट्याचा वाढलेला भाव उचलावा, असे कोणीतरी सुचवले. आकडे मांडल्यावर दोघे म्हणाले विचार करतो. ते अजून विचारच करत आहेत आणि त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्याही घरी लग्नाच्या मुली आहेत.

वाटेचा हिशेब मात्र जमला. जागा साधारण दीडशे फूट बाय एकशे पंचेचाळीस. तिरकी वाट दोन कडांनी वळवून सहा फूट रुंद ठेवली तर सतराशे-अठराशे चौरस फूट जागा जाते, म्हणजे दीड गुंठ्याहून थोडी जास्त. चौघांत वाटली तर प्रत्येकाची जवळजवळ साडेचारशे चौरस फूट जाते. वहिनींनी बांधावर उभ्या राहून दाखवलेले स्वयंपाकघर आणि लागून एक खोली, एवढे. ती वाट खरेदीखतात चतुःसीमेसह लिहायची, नुसत्या तोंडच्या शब्दावर ठेवायची नाही, यावर चौघांचेही एकमत झाले. रस्त्याची बातमी आणणाऱ्या मित्राचेसुद्धा.

मग गेल्या महिन्यातील दुसऱ्या शनिवारी आम्ही दलालाला न सांगता एसटीने गेलो. आबा ओट्यावर बसले होते. आम्ही रस्त्याचे सांगितले. त्यांना पहिल्यांदा आमचा संशय आला, असे वाटते. घेणारा आपण होऊन भाव वाढवायला का येईल, यात काहीतरी डाव असणार, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. दोनदा त्यांनी विचारले, "मग तुम्हाला जमीन नको का?" आम्ही म्हटले, हवी आहे. तरुण नवरा आमच्याबरोबर आला होता. बातमी त्यानेच सांगितली. येऊ नको असे आम्ही त्याला म्हटले होते.

आबा म्हणाले मुलाशी बोलून कळवतो. त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला. निघताना आबांनी नवऱ्याला विचारले, "तुला मुले किती?" त्याने सांगितले. ते नुसते हं म्हणाले.

त्याला आता पाच आठवडे झाले. फोन आलेला नाही. दलालाचा मात्र आला होता, बराच रागावलेला, आणि गावात आता दुसरी एक गाडी दिसू लागली आहे, असे त्याने सांगितले. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी पाड्यावरही जायचे ठरले आहे, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहते ते विचारायला.